माळ्यावरची सायकल, आठवडाभराची नोंद

शनिवार

नव्वदच्या दशकातली स्टीलची रोड सायकल, दांड्यावर गिअरचे खटके, मागे ७ चकत्या. इतकी वर्षं पडून राहिल्यावर फ्रेमचं फारसं बिघडत नाही. रबर कुजतं आणि ग्रीस वाळतं. म्हणून पॉलिशचा डबा बाजूला, आज फक्त चाकं.

आधी टायरच्या कडेवरचा आकडा वाचायचा. ६२२ असेल तर ७०० सी, ६३० असेल तर जुनं २७ इंची. व्यासात फरक अवघा ८ मिमी, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर नीट बसत नाही. बाजूला बारीक भेगा किंवा आतला धागा दिसला की टायर गेला, नक्षी कितीही शाबूत असो. ट्यूबही नवीच.

रिमच्या आतली रबरी पट्टी मात्र हमखास विसरली जाते. ती कडक होऊन सरकते आणि आऱ्याच्या भोकाची धार ट्यूबला कापते. पंक्चर काढताना छिद्र ट्यूबच्या आतल्या, रिमकडच्या अंगाला सापडलं तर गुन्हेगार ही पट्टी. खिळा शोधत टायर चाचपण्यात अर्थ नाही. कापडी पट्टी लावावी. शेजारी-शेजारी दोन छिद्रं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब चिमटली. ७५ किलोच्या माणसाला २५ मिमी टायरमध्ये मागे ९०, पुढे ८० पीएसआयच्या आसपास हवा पुरते. वाल्व प्रेस्टा (बारीक, टोकाला छोटी चकतीवजा नट असलेला) असेल तर कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप लागत नाही, पितळी ॲडॉप्टर सीटखालच्या पिशवीत हवाच.

रविवार

हब, म्हणजे चाकांचे मधले तुंबे, उघडले. ग्रीसचा मेण झालेला. मागे दोन्ही बाजूंना पाव इंची ९-९ छर्रे, पुढे ३/१६ इंचाचे १०-१०. बहुतेक हबांत हाच हिशेब, तरी काढतानाच मोजावेत. छर्रे नवे घ्यावेत, स्वस्त असतात. कोनावर (छर्रे ज्यावर फिरतात त्या आसावरच्या निमुळत्या नटावर) खड्डे पडले असतील तर कोनही बदलायचा, नाहीतर नवे छर्रे महिनाभरात खरखरायला लागतात.

कोन आवळताना एक गोम आहे. क्विक रिलीजचा (पान्याशिवाय चाक काढता येणाऱ्या पोकळ आसातल्या दांडीचा) खटका बंद केला की आस किंचित दाबला जातो. म्हणून चाक हातात असताना केसभर ढिलं ठेवायचं. फ्रेममध्ये बसवून खटका लावला की तो हलका खेळ नाहीसा झाला पाहिजे. टेबलावर अगदी बरोब्बर वाटणारं चाक रस्त्यावर जड फिरतं ते यामुळेच.

सोमवार

तारा आणि त्यांची नळी, सगळं नवं. दुकानात ‘रोडची ब्रेक तार’ असं स्पष्ट सांगावं: तिचं डोकं नासपतीसारखं निमुळतं असतं, माउंटन बाइकचं आडव्या पिंपासारखं. ब्रेकची रबरं दगड झालेली. काचपेपरने घासून जीव धरत नाहीत, बदललेली बरी.

बुधवार

चेन पट्टीने मोजली. २४ कड्या नव्या असताना बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच वाढल्या तर चेन बदलायची. १/८ वाढल्या तर मागच्या चकत्याही गेल्या. जुन्या चकत्यांवर नवी चेन टाकली की जोर लावताच दात सोडते.

खरा प्रश्न गिअरचा. पुढे ५२-४२, मागे १३ ते २३ दात: ही जुन्या काळच्या शर्यतीतल्या पोरांची मांडणी. ४२-२३ वर मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी जवळजवळ १४ किमी वेग पडतो. या वेगाने ८ टक्के चढावर माणूस आणि सायकल मिळून ८७ किलो असतील तर नुसत्या चढाला २६० वॉट लागतात. बऱ्याच वर्षांनी सायकलीकडे परतलेल्या माणसाचे गुडघे हे सोसत नाहीत, आणि सिंहगडाच्या रस्त्यावर याहून उभी वळणं आहेत.

उपाय स्वस्त आहे. गिअरच्या साध्या सायकलींना लागणारं १४-२८ चं ७ चकत्यांचं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या हबावर आट्यांनी बसणारा चकत्यांचा गठ्ठा. मागे २८ दात असले की तेवढ्याच फेऱ्यांत ताशी ११. (‘वजन कमी करा’ हा सल्लाही मिळतो, फ्रीव्हील लवकर बदलून होतं.) जुनं फ्रीव्हील पायडलच्या जोराने वर्षानुवर्षं आवळलेलं असतं: खोलायचा पाना खाचेत बसवून वरून क्विक रिलीजने धरायचा, मोठ्या पान्ह्याने उलटं फिरवायचं, आणि पहिला ‘कट्’ आवाज आला की थांबून खटका ढिला करायचा. नाहीतर आसावर ताण येतो. चेनची लांबी: डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) वगळून पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकत्यांवरून गुंडाळायची, वर दोन कड्या जास्त. डिरेलरची वरची चकती २८ ला घासत असेल तर मागचा छोटा स्क्रू आत फिरवायचा. दांड्यावरचे खटके टिकटिकवाले नाहीत, त्यामुळे नव्या चकत्यांशी जुळवाजुळव करावी लागत नाही.

शनिवार

पहिली फेरी २० किमी, सपाट. दम पुरतो, मान आणि तळहात आधी बोलतात. हँडलचा स्टेम (हँडल धरणारा, फ्रेमच्या नळीत शिरलेला दांडा) वर घ्यायचा तर वरचा बोल्ट दोन फेरे ढिला करून त्यावर लाकडी ठोकळ्याने टोला द्यायचा, आतली पाचर सुटते; ‘किमान खोली’ची खूण मात्र बाहेर दिसता कामा नये.

घरी आल्यावर क्रँकचे (पायडलच्या दांड्यांचे) बोल्ट पुन्हा आवळले. डावा पाव फेरा फिरला. चौकोनी आसावरचा क्रँक ढिला राहून तसाच चालवला तर त्याचं भोक गोल होतं, मग तो कितीही आवळा, बसत नाही. ब्रेकच्या तारा २ मिमी ओढून घेतल्या. आणखी ५० किमीनंतर पुन्हा बघायचं.