हमिंगबर्ड वेळेवर आला, परवानगी नाही आली

तीन ग्रॅमचा पक्षी दारात यावा म्हणून मी मार्चपासून जूनपर्यंत कागद घेऊन फिरले. न्यू जर्सीत टाउनहाऊस (भिंतीला भिंत लागून असलेलं घर) असेल आणि डोक्यावर एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, असेल तर हे वाचाच, स्वतंत्र घरवाल्यांनी खाली साखरेचं लिहिलंय तेवढं वाचलं तरी चालेल.

मला दोनच गोष्टी हव्या होत्या. डेकच्या बाजूला फीडर (पक्ष्यांसाठी साखरेच्या पाण्याचं भांडं) टांगायला लोखंडी आकडा, आणि कठड्यावर चढवायला कोरल हनीसकलचा वेल. आमच्याकडे पूर्व किनाऱ्यावर घरटं करणारी हमिंगबर्डची एकच जात, रुबी-थ्रोटेड, मध्य अमेरिकेतून येते आणि एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात नर आधी पोचतात. म्हणून म्हटलं मार्चच्या पहिल्या आठवड्यातच अर्ज देऊ, भरपूर वेळ आहे. (हसू नका.)

फॉर्म दोन पानांचा. त्याला सर्व्हेची, म्हणजे घराच्या जागेच्या नकाशाची, कॉपी, त्यावर आकड्याच्या जागी फुली, फीडरचा फोटो, रंगाचा नमुना आणि दोन्ही बाजूच्या शेजाऱ्यांच्या सह्या. रंगाचा नमुना!! फीडर लाल आहे हो, लालच असतो. नवरा म्हणाला घरच्या लोनला एवढे कागद लागले नव्हते.

अर्ज बघणारी एचओएची कमिटी महिन्यातून एकदा बसते, दुसऱ्या मंगळवारी. एप्रिलमध्ये अर्ज परत, कारण काय तर बर्ड फीडरला बंदी, दाणे सांडतात आणि उंदीर येतात. मी एचओएच्या ऑफिसात जाऊन तिथल्या बाईंना सांगितलं की यात दाणे नसतातच, साखरेचं पाणी असतं. त्या म्हणाल्या मग ते अर्जात लिहा. म्हणजे परत अर्ज, परत सह्या, आणि डावीकडचे काका तेव्हा फ्लोरिडात.

या गोंधळात एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला आणि एका सकाळी गराजमधून भुंग्यासारखा आवाज. दार उघडंच होतं. वर बघते तर गराजच्या दाराला दोरीला लोंबणारं जे लाल हँडल असतं ना, त्याच्याभोवती तो घिरट्या घालतोय! फूल समजून आत आलेला. गळा आधी काळाच वाटला, मग मान वळवली आणि उन्हाची तिरीप पडली तसा निखाऱ्यासारखा पेटला. मी आतला दिवा बंद केला, दार उघडं ठेवून बाहेर उभी राहिले, दहा मिनिटांनी गेला बिचारा. असे गराजमध्ये अडकून थकून मरतात हे पक्षी, तेव्हा त्या हँडलला आजच काळी टेप गुंडाळा. मी त्याच दिवशी गुंडाळली, त्याला फॉर्म लागला नाही.

मेमध्ये दुसरं खुसपट. हनीसकल म्हणजे इन्व्हेजिव्ह (बाहेरून येऊन माजणारं), नियमात बसत नाही. अहो, ते जपानी हनीसकल! पांढरी-पिवळी फुलं, सगळं रान गिळतं ते. मी मागतेय ते इथलंच, लोनिसेरा सेम्परव्हिरेन्स, लाल नळीसारखी फुलं. नर्सरीतल्या कुंडीवरचं लेबल, दोन्हींचे फोटो शेजारीशेजारी, सगळं प्रिंट करून नेलं. तर त्या महिन्यात मीटिंगच नाही झाली, माणसं पुरेशी आली नाहीत.

वैतागून उजवीकडच्या आजींना सांगत होते तर त्या म्हणाल्या, माझा फीडर किती वर्षं किचनच्या खिडकीला आहे की, काचेला रबराच्या कपाने चिकटवलेला, त्याला कोण विचारतंय? आणि टांगत्या कुंड्यांनाही नियम नाही. हे ऑफिसातल्या बाईंना पहिल्या दिवशी सांगता आलं नसतं? म्हणून सांगते, काय चालत नाही हे विचारू नका, परवानगीशिवाय काय चालतं ते आधी विचारा.

त्याच संध्याकाळी खिडकीला फीडर चिकटवला. चौथ्या दिवशी मादी आली, पांढऱ्या गळ्याची, मी भांडी घासत होते आणि ती हातभर अंतरावर हवेत उभी.

साखरेचं असं: पाव कप साधी पांढरी साखर, एक कप पाणी, उकळून पूर्ण गार करायचं. पाक करायचा नाहीये, ढवळून विरघळली की झालं. आई फोनवर म्हणाली, आपल्या शिंजिरासारखाच दिसतोय की गं, गूळ घाल थोडा. गूळ नाही, ब्राउन शुगर नाही, मध तर नाहीच, आणि लाल रंगही घालू नका, फीडरचा लाल पुरतो. कडक उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि फीडर गरम पाण्याने घासा, काळी बुरशी धरते. फीडर खोलगट बाटलीपेक्षा पसरट बशीसारखा घ्या, त्यात गांधीलमाश्यांची जीभ पोचत नाही. मुंग्यांसाठी वर पाण्याची छोटी वाटी टांगतात ती मिळते, ती आधीच घ्या, मी एक अख्खी बॅच मुंग्यांना पाजलीये. औषध फवारू नका, पिल्लांना हे बारीक किडे आणि कोळीच भरवतात.

परवानगी जूनच्या मध्याला आली. आकडा बसवला, वेल लावला, यंदा चारच फुलं आली. सप्टेंबरअखेर पक्षी गेले, फीडर अजून दोन आठवडे ठेवला, मागून येणाऱ्या एखाद्यासाठी (फीडर ठेवला म्हणून ते थांबून राहत नाहीत, काळजी नको). मग धुऊन आत ठेवला आणि लॉनवाल्यांना अडचण नको म्हणून आकडाही काढावा म्हटलं, ऑफिसात फोन केला. बाई म्हणाल्या, काढायलाही तोच फॉर्म भरा.