भंगारचा डबा

इंदूरच्या राजवाड्याजवळच्या आमच्या खेळण्यांच्या दुकानात दिवाळीच्या आधीच्या शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत कुणी "परत करायचंय" म्हणत आलं की माझं डोकंच फिरतं. त्या दिवशी आलेल्या बाई लोकमान्य नगरच्या, नेहमीच्या गिऱ्हाईक. त्यांनी पिशवीतून बोलकी बाहुली काढली आणि काउंटरवर पालथी टाकली. पाठीचं झाकण निघालेलं, आतल्या तारा बाहेर.

"अहो काका, दीड महिन्यात बंद! मावशीनं वाढदिवसाला दिलेली. वर हिनं खोलून ठेवली."

"ही" म्हणजे चौथीतली मुलगी, आईच्या पदराआड उभी. खोललेला माल परत होत नाही, हे माझं ठरलेलं वाक्य मी म्हणून टाकलं. तेवढ्यात पोरीनं वहीचा एक कागद पुढे सरकवला.

कागदावर पेन्सिलीनं काढलेली बाहुलीची पाठ. चित्रात जिथे जिथे स्क्रू, तिथे तिथे खरा स्क्रू सेलोटेपनं चिकटवलेला. एकूण सहा. "खांद्याचे दोन लांब आहेत," ती म्हणाली. "ते खाली लावले तर पोटातून बाहेर येतील."

तीस वर्षं मी या काउंटरवर आहे. खोललेली खेळणी किती परत आली असतील, हिशेब नाही. बहुतेकदा स्क्रू सोफ्याखाली गेलेले असतात.

"बंद का पडली गं?" मी तिलाच विचारलं.

"सेल पाझरलाय. स्प्रिंगवर पांढरं-हिरवं काहीतरी आलंय. खरवडणार होते, पण आईनं चाकू दिला नाही."

चष्मा लावून पाहिलं. बरोबर होतं. मी खालच्या खणातून ताईचा पत्र्याचा डबा काढला. बाबांच्या काळी चावीच्या खेळण्यांची दुरुस्ती माझी मोठी बहीण करायची. होळकर सायन्स कॉलेजात बी.एस्सी. करत होती तेव्हाही संध्याकाळी इथेच बसून स्प्रिंगा बसवायची. मग लग्न होऊन देवासला गेली आणि दुकान माझ्या नावावर झालं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. डब्यात पॉलिश पेपर, चिमटा आणि चार पेचकस. (स्क्रू ड्रायव्हरला पेचकस म्हटलं की पुण्याची भाची हसते. हसो बापडी, आम्ही इंदूरचे.)

पोरीनं पॉलिश पेपरची बारीक घडी केली, स्प्रिंगच्या आत घालून फिरवली, पितळ चमकेपर्यंत. नवे सेल घातले. बाहुली बोलली. दुकानातली चार माणसं वळून पाहू लागली, पण पोरीचा चेहरा काही फुलला नाही. "हिला चारच वाक्यं येतात. चारही माझी पाठ झालीत."

मला 1992 सालची बोलकी बार्बी आठवली. तिच्यासाठी 270 वाक्यं तयार केली होती, एकेका बाहुलीच्या वाट्याला त्यातली चार. त्यांतलं एक वाक्य होतं, गणिताचा तास फार कठीण असतो! अमेरिकेत गदारोळ झाला आणि कंपनीला ते वाक्य काढून टाकावं लागलं. मी हा किस्सा गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचो आणि त्याच तोंडानं पुढचा प्रश्न विचारायचो, "गिफ्ट मुलाला की मुलीला?" उत्तरावर ठरायचं, डावी भिंत दाखवायची की उजवी. डावीकडे गाड्या, क्रेन, नटबोल्टचे सेट. उजवीकडे काय असेल ते सांगायला नको.

"दुरुस्त झाली ते झालं," बाई म्हणाल्या. "पण हिला आता असं काही द्या की घरातलं खोलणार नाही. माझा मिक्सर वाचला पाहिजे."

सवयीनं हात उजवीकडेच गेला. गुलाबी खोका, मुलींसाठी विज्ञान, घरीच अत्तर आणि लिपबाम बनवा. अत्तरातही रसायनशास्त्र असतं, मी नाकारत नाही. पण त्या खोक्यात पाच पुड्या आणि पाच कृती. पाचव्या दिवशी खोका माळ्यावर. पोरीनं मागची बाजू वाचली. "सगळं लिहिलेलंच आहे की." परत ठेवला.

मग डावी भिंत. एकाच रंगाच्या, आठ खुंट्यांच्या सहा लेगो विटा घेतल्या तर त्या 91 कोटी 51 लाखांहून जास्त तऱ्हांनी जोडता येतात, हे गणित झालेलं आहे. खेळण्याचा कस लावायचा तर मी तो असा लावतो: चित्रातली वस्तू बनवून झाली की पुढे काय? नटबोल्टचा सेटही त्यात उतरतो. 1901 साली फ्रँक हॉर्नबी यांनी पेटंट घेतलेल्या मेकॅनोपासून ते भोकाभोकांच्या पट्ट्या चालत आल्या आहेत. जुन्या जाहिराती मात्र बहुतेक 'बॉईज'नाच हाक मारायच्या.

नटबोल्टचा डबा तिनं उघडायला लावला, एक पट्टी वाकवून पाहिली. आवडला. तेवढ्यात तिची नजर काउंटरखाली गेली. तिथे माझं भंगार असतं: परत आलेल्या गाड्या, मुकी विमानं, एका चाकाचा रोबो.

"ते केवढ्याला?"

आईनं कपाळाला हात लावला. मी पन्नास रुपये म्हणालो आणि मलाच हसू आलं. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात 1978 साली आलेल्या अरविंद गुप्तांनी तर काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्हट्यूब यांतून भूमिती उभी केली होती. सगळेच असे निघाले तर आमच्या धंद्याला कुलूपच.

घरी दोन वर्षांचा भाऊ आहे म्हणाली, म्हणून भंगारचा डबा उपसायला बसलो. गर्दी ताटकळली, ताटकळू दे. बटणासारखे सेल आणि बारीक चुंबकं एकेक करून काढली. दोन चुंबकं पोटात गेली तर आतडं मध्ये धरून एकमेकांना चिकटतात. बटणसेल घशात अडकला तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघते. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची झाली तेव्हा मीही कुरकुरलो होतो. पण बटणसेलचं झाकण लहान पोराला हातानं सहज उघडता येऊ नये, ही अट कुणी उगाच घातलेली नाही.

ती तीन मोटारी, दोन सेलचे डबे, मूठभर तारा आणि बारीक लाल दिवे घेऊन गेली. नटबोल्टचा सेट आईनं वेगळा घेतला. ताईच्या डब्यातला एक पेचकस मी दिला, तो मात्र परत आणायच्या बोलीवर.

भाऊबीजेच्या सकाळी बाईंच्या नंबरवरून फोन. आवाज पोरीचा.

"काका, मोटारीला पंखा लावलाय. तारा उलट्या जोडल्या की तो उलटा फिरतो. पण लाल दिवा उलटा जोडला की पेटतच नाही. एकाचं चालतं, दुसऱ्याचं का नाही?"

खेळणी विकून केस पांढरे झाले, पण हे मला येत नव्हतं. ताई ओवाळायला आली होती, ताट हातातच होतं. मी प्रश्न सांगायला सुरुवात केली तर मध्येच म्हणाली, "एलईडी आहे तो. एकाच बाजूनं वीज जाऊ देतो. फोन इकडे दे."

मी पाटावर बसून राहिलो. ओवाळणी वीस मिनिटांनी झाली.