कंपनीची नवी गाडी आणि 180 दिवस

सातारा एमआयडीसीतील आमच्या कारखान्याने मला 2017 साली दिलेल्या डिझेल गाडीने 2025 च्या जूनमध्ये दोन लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला आणि कंपनीच्या धोरणाप्रमाणे ती बदलण्याची वेळ आली. अर्थ विभागाने घातलेली अट साधी होती. एक्स-शोरूम किंमत 15 लाखांच्या आत असावी, बाकी इंधन आणि मॉडेल मी ठरवावे आणि निवडीचे कारण एका पानात लिहून द्यावे. ते एक पान लिहायला मला तीन महिने लागले.

सुरुवात मी स्वतःच्या खिशापासून केली, हे कबूल करायला हवे. कंपनीच्या मालकीची गाडी कर्मचारी कामासाठी आणि घरासाठीही वापरत असेल आणि तिचा सगळा खर्च कंपनी करत असेल, तर प्राप्तिकराच्या नियम 3 प्रमाणे इंजिन 1.6 लिटरपर्यंत असल्यास महिन्याला 1,800 रुपये आणि त्याहून मोठे असल्यास 2,400 रुपये पर्क्विझिट (नोकरीत मिळणाऱ्या सोयीचे करपात्र मूल्य) म्हणून पगारात मिळवले जात होते. चालकही दिला असेल तर आणखी 900. हे आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत. माझे उत्पन्न 20 टक्क्यांच्या टप्प्यात येत असल्याने, उपकर धरूनही, मोठ्या इंजिनाची गाडी घेतली तर वर्षाला जेमतेम दीड हजार रुपये जास्त कर बसला असता. गाडी आठ लाखांची आहे की अठरा लाखांची, ती धूर किती सोडते, याच्याशी या आकड्याला काहीही देणेघेणे नव्हते.

आमच्या इंग्लंडमधील ग्राहक कंपनीतल्या एका अभियंत्याला मी हे सांगितले, तेव्हा त्याला ते खरे वाटेना. त्याच्याकडे गाडीच्या छापील किमतीचा ठरावीक टक्का उत्पन्न म्हणून धरतात आणि तो टक्का कार्बन उत्सर्जनावर ठरतो. 2025-26 साठी पूर्ण विजेवरच्या गाडीला 3 टक्के, तर सर्वांत जास्त धूर सोडणाऱ्या गाडीला 37 टक्के. आपल्याकडचा नियम मात्र इंजिनाच्या घनक्षमतेपाशी थांबत होता, आणि विजेच्या गाडीला घनक्षमताच नसते. आमच्या सीए साहेबांना विचारले, तर ते म्हणाले, "इंजिनच नाही, मग 1.6 च्या वर आहे असं म्हणायचं कशाच्या आधारावर? 1,800 धरा." गाडी फक्त कामासाठी वापरली आणि तारीख, ठिकाण, किलोमीटर व खर्च यांची लॉगबुकात नोंद ठेवून कंपनीचे प्रमाणपत्र घेतले, तर पर्क्विझिट शून्य होते, हाही मार्ग त्यांनी सांगितला. पण दर रविवारी मी कोरेगावजवळच्या गावी आईकडे जातो. तो प्रवास कार्यालयीन आहे, असे लिहून द्यायला मन धजले नाही.

खरा फरक कंपनीच्या वहीत होता आणि तो समजून घेण्यातच माझा बराच वेळ गेला. यादीत ब्रेझा, क्रेटा आणि नेक्सॉन होत्या. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे दर बदलले: चार मीटरच्या आतली आणि पेट्रोलला 1,200 किंवा डिझेलला 1,500 सीसीच्या आतली गाडी 18 टक्क्यांत, त्याहून मोठी 40 टक्क्यांत, आणि विजेची पूर्वीप्रमाणेच 5 टक्क्यांत. ब्रेझा लांबीच्या अटीत बसते, पण तिचे पेट्रोल इंजिन 1,462 सीसीचे असल्याने ती 40 टक्क्यांत गेली. नेक्सॉनची पेट्रोल आणि डिझेल ही दोन्ही इंजिने मात्र 18 टक्क्यांत बसली. आमच्यासारख्या कारखान्याला प्रवासी गाडीवरच्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यामुळे हा सगळा कर सरळ गाडीच्या किमतीतच जातो.

त्यावर रोड टॅक्स. महाराष्ट्रात पेट्रोल किंवा डिझेलची गाडी कंपनीच्या नावावर नोंदवली की सरसकट 20 टक्के लागतात. तीच गाडी मी माझ्या नावावर घेतली असती, तर पेट्रोलला 11 किंवा 12 टक्क्यांवर भागले असते. विजेच्या गाडीला राज्याच्या धोरणानुसार रोड टॅक्स माफ आहे. म्हणजे 12 लाखांच्या डिझेल गाडीवर जे 2 लाख 40 हजार आरटीओत भरावे लागले असते, ते विजेच्या गाडीवर भरावेच लागत नव्हते. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता 1 टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा प्राप्तिकर) घेतो, पण तो नंतर करात वळता होतो, म्हणून मी तो हिशेबातून काढला. शेवटचा मुद्दा घसाऱ्याचा, म्हणजे गाडीच्या घटत्या किमतीपोटी कंपनीला करपात्र नफ्यातून मिळणाऱ्या वजावटीचा. साध्या मोटारीला वर्षाला 15 टक्के घसारा मिळतो, तर विजेच्या गाडीला 40. हे ऐकल्यावर आमचे अर्थप्रमुख, जे आजवर विजेच्या गाडीला "खेळणं" म्हणत होते, खुर्चीत सरसावून बसले.

उत्सर्जनाचा हिशेब मला करावा लागला, कारण युरोपातील ग्राहक दरवर्षी आमच्याकडून कार्बनचा अहवाल मागतात. मी महिन्याला साधारण 2,000 किलोमीटर फिरतो. जुनी गाडी लिटरला 16 किलोमीटर देत होती. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे महिन्याला 335 किलोच्या आसपास. विजेच्या गाडीला चार्जिंगमधली गळती धरून 340 युनिट लागतील, असा माझा अंदाज होता, आणि देशातील ग्रीडची वीज युनिटमागे साधारण 0.7 किलो सोडते, म्हणजे 240 किलो. बचत तिसऱ्या हिश्शाहूनही थोडी कमीच झाली. पानावर मी तेवढेच लिहिले; "शून्य उत्सर्जन" हा शब्द टाळला, कारण कोयनेच्या जिल्ह्यात राहत असलो तरी आमच्या कारखान्यात येणारी वीज फक्त कोयनेची नसते. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते आणि त्यातले काही आमच्याच भागातल्या उसाचे असते, हे खरे असले तरी ॲव्हरेज घटते, तेही खरे.

आता रस्ता. माझा मुख्य प्रवास आठवड्यातून एकदा साताऱ्याहून चाकणला आणि त्याच दिवशी परत, एकूण सुमारे 290 किलोमीटर. नेक्सॉन ईव्हीच्या 45 किलोवॅट-तासाच्या बॅटरीची अधिकृत रेंज 489 किलोमीटर सांगितली जाते. मी ती एक दिवस मागून घेतली आणि पूर्ण चार्ज करून सकाळी सहाला निघालो. एसी चालू ठेवून, ताशी 90 ते 100 च्या वेगाने, खंबाटकीचा बोगदा पार करून चाकणला पोहोचलो तेव्हा बॅटरी 51 टक्क्यांवर होती. परतताना मात्र पुण्याकडून साताऱ्याकडे येणारी वाहने तेव्हा घाटानेच चढत. चाकणमध्ये बैठक चालू असताना तासभर फास्ट चार्जरला लावली नसती, तर मी आनेवाडीच्या पुढे श्वास रोखूनच आलो असतो. विजेच्या गाड्यांना मिळणारी टोलमाफीही या रस्त्यावर नाही. ती समृद्धी, अटल सेतू आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आहे. तरीही बैठक नेहमीच तासाहून जास्त चालत असल्याने मला हे परवडणारे वाटले.

वैशिष्ट्यांबाबत मी फार खोलात गेलो नाही. सहा एअरबॅग, भारत एनकॅप या अपघात-सुरक्षा चाचणीचे पाच तारे आणि रात्री चांगला उजेड पडणारे दिवे पुरेसे होते. स्वयंचलित ब्रेकची महागडी आवृत्ती मी सोडली. गाळप हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या रस्त्यावर असताना मला यंत्रापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा जास्त आहे. हा माझा हट्टही असेल.

पान मंजूर झाले ते सप्टेंबरच्या मध्यावर. जीएसटी कपातीमुळे शोरूममध्ये झुंबड होती, आणि विक्रेत्याने, ज्याचे नाव मी घेणार नाही, आधी कबूल केलेली तारीख बदलून "दिवाळीला देऊ" असे कळवले. मी तेवढ्यावर गप्पही बसलो असतो, पण सीए साहेबांनी बजावले की त्या आर्थिक वर्षात गाडी 180 दिवसांहून कमी वापरली गेली, तर घसारा निम्माच मिळेल, म्हणजे 40 चे 20 होतील. मग अर्थप्रमुखांनी स्वतः फोन केला. आरटीओची नोंदणी आधी उरकून, हिरव्या पाटीसह गाडी 2 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी दुपारी मिळाली. कारखाना बंद होता. आदल्या दिवशीच खंडेनवमीची पूजा झालेली होती, तरी पहारेकऱ्याने उरलेला झेंडू दोऱ्यात ओवून पुढच्या बंपरला बांधला.

लॉगबुकातली पहिली ओळ 3 ऑक्टोबरची आहे: सातारा ते चाकण आणि परत, 291 किलोमीटर. 31 मार्चपर्यंतचे दिवस अर्थप्रमुखांनी पेन्सिलने समासात मोजून ठेवले आहेत. बरोबर 180.