एका लुगड्याचं कापड

कुडाळला गादीवाल्याकडे उश्या भरायला टाकल्या होत्या. त्याने गादीपाटाचे तागे पुढ्यात टाकले आणि माझा अंगठा नि तर्जनी आपोआप कामाला लागली. निळ्या पट्ट्यांचा एक तागा चांगला घट्ट विणीचा होता. मनात आलं, ह्याच्या टिकल्या, म्हणजे बंदुकीत गोळीखाली घालायच्या कापडाच्या चकत्या, बेस्ट होतील. घरात बंदूक नाही, हा तपशील अलाहिदा.

ही खोड आजोबांची. आमच्याकडे ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून भरायची बंदूक होती, माकडांपायी. 1959 च्या शस्त्र कायद्यातसुद्धा पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, म्हणजे आमची माकडं थेट दिल्लीपर्यंत पोचलेली. नुसता बार काढायचा तर कापडाचं कौतुक नाही. दारू ओतायची, काथ्याचा बोळा गजाने ठासायचा, केप (दारूला ठिणगी देणारी छोटी टोपी) लावायची, धडाम! माकडं चार माड पलीकडे जाऊन बसत आणि धूर विरला की परत येत.

पण दसऱ्याला पूजा आटोपली की आजोबांना नेमाची हुक्की येई. परड्यातल्या गडग्यावर करवंटी ठेवत. (अख्खा नारळ ठेवायला आम्ही काय खोत?) तेव्हा छर्रे नाहीत, शिशाची एकच गोळी. ती नळीपेक्षा जराशी लहान असते. फट भरायला तिच्याखाली खोबरेलाचा हात फिरवलेली कापडाची टिकली, ठासताना ती गोळीभोवती लपेटते. कापड एकदा जाड, एकदा पातळ झालं की गोळी दर वेळी वेगळी जाणार. शर्ट, पंचा, उशीचा अभ्रा असलं कडबोळं त्यांना चालत नसे. कुणी जुनी पँट पुढे केली तर म्हणत, "टेरिकॉट नको, ता वितळता." कोरा मांजरपाटही धुऊन, खळ काढून मगच.

त्यांचा खरा डोळा आजीच्या सुती लुगड्यावर. नऊ वार एकाच मागावरचं, एकाच सुताचं, वर्षानुवर्षं धुऊन खळीचं नावही न उरलेलं! ह्यापेक्षा एकसारखं कापड दुसरं कुठलं? आजीला ते गोधडीला हवं असे. "माझ्या लुगड्यार डोळो ठेवू नकात," हे तिचं दसऱ्याचं ठरलेलं वाक्य. शेवटी तह व्हायचा: काठाजवळचं कापड आजोबांना, मधलं गोधडीला. तह आजोबांच्याच फायद्याचा, कारण लुगडं मधे बसून बसून विरतं. विरलेलं कापड बार झेपवत नाही.

म्हणून बार झाला की करवंटीकडे आम्ही पोरं धावायचो आणि आजोबा गवतात टिकली शोधायचे. मधे काळा वाटोळा डाग आणि कडा शाबूत असल्या तर खूश. मधेच भोक पडलं असेल तर करवंटी फुटलेली असूनही तोंड पाडून बसणार.

अमेरिकेतले ठासणीवाले ह्याच वेडाचे आहेत, हे मला फार नंतर कळलं. इंडियाना राज्यात फ्रेंडशिप नावाच्या गावी त्यांच्या स्पर्धा भरतात, त्यांची संघटना 1933 ची. त्यांच्या नळीत आटे, म्हणजे आतून वळत जाणाऱ्या खाचा असतात, आमची गुळगुळीत. अर्धा इंची, म्हणजे 12.7 मिलिमीटरच्या नळीला 12.45 ची गोळी आणि 0.38 च्या आसपास जाडीचं कापड, असा त्यांचा एक नेहमीचा जोड. आटे सुद्धा भरायचे, म्हणून फटीपेक्षा कापड जाडच लागतं. दुकानात मायक्रोमीटर घेऊन जातात म्हणे. बार झाल्यावर टिकल्या वेचतात तेही. आणि त्यांचं लाडकं कापड कुठलं, तर गादीपाट. आजोबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, "त्यांच्या बायलांची लुगडी नसतली."

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करावी लागायची. आचारसंहिता माकडांना नसते, त्यामुळे त्या दिवसांत केळी त्यांची. आजोबा गेल्यावर बंदूक जमा झाली ती कायमची. परवाना त्यांच्या नावाचा, नव्यासाठी अर्ज करणार कोण? काका मुंबईला, मी कुडाळला. केळी आम्ही आता लावतच नाही.