कॉलेज बघायला जाल तेव्हा वॉर्डही बघून या

नर्सिंगचं कॉलेज कसं निवडायचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नर्सिंगची सीईटी झाली की ओळखीपाळखीचे फोन सुरू होतात: "मॅडम, पोरीला बी.एस्सी. नर्सिंगला घालायचंय, कॉलेज कुठलं चांगलं?" मी नर्सिंगची ट्युटर, तेव्हा पटकन एखादं नाव सांगेन अशी अपेक्षा असते. मी उलट विचारते, त्या कॉलेजच्या मुली पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकायला, कुठल्या हॉस्पिटलात जातात? बहुतेकांनी हे विचारलेलंच नसतं. इमारत, वसतिगृह, फी, शिष्यवृत्ती, सगळं पाहून आलेले असतात.

कागदावर नियम वाईट नाहीत. इंडियन नर्सिंग कौन्सिल म्हणतं, बी.एस्सी.साठी संस्थेचं स्वतःचं 100 खाटांचं रुग्णालय हवं, कमी पडेल तिथे दुसरी रुग्णालयं संलग्न करा, एका विद्यार्थ्यामागे 3 रुग्ण हवेत आणि 10 विद्यार्थ्यांमागे 1 शिक्षक. आता सकाळी नऊ वाजता एखाद्या गजबजलेल्या सरकारी रुग्णालयाच्या फीमेल मेडिसिन वॉर्डात जाऊन उभे राहा. तीन रंगांचे युनिफॉर्म, म्हणजे तीन कॉलेजं. खाटा भरून जमिनीवर गाद्या, आणि ड्युटीवर दोन स्टाफ नर्स. एकाच आजीचं बीपी सहावी मुलगी घेतेय. आजी आपणहून बाही वर करून म्हणते, "घे बाई, तूपण घे." उरलेल्या मुली रक्ताचे नमुने लॅबला पोचवतात, एक्स-रे घेऊन येतात, वॉर्डबॉय मामा आले नाहीत तर स्ट्रेचर ढकलतात. महिनाअखेर प्रोसिजर बुकात, म्हणजे कुठली कामं करून झाली त्याच्या वहीत, सगळ्या सह्या झालेल्या असतात.

खासगी पेरेंट हॉस्पिटलचं, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या रुग्णालयाचं, दुखणं वेगळं. काही ठिकाणी खाटा असतात, पेशंट नसतात. ते तपासणीच्या दिवशी दिसतात. काही ठिकाणी पेशंट भरपूर, पण बिल भरणारे नातेवाईक विद्यार्थिनीला हात लावू देत नाहीत. मुलगी आयसीयूत व्हेंटिलेटर लांबून बघते. म्हणून गर्दी असली तरी माझा कल सरकारीकडे. बाळंतपणं असोत की ड्रेसिंग, हात तिथेच बसतो.

"पण आता स्किल लॅब असते ना?" हा पुढचा प्रश्न. असते, आणि हवीच. पहिली सुई माणसाला नाही, मॅनिकिनलाच, म्हणजे सरावाच्या पुतळ्यालाच टोचावी. पण मॅनिकिनची शीर जागची हलत नाही. अंगावर सूज आलेल्या बाईची शीर बोटाला लागत नाही, आणि शेजारी तिचा नवरा विचारत असतो, "शिकाऊ आहे का ही?" अशा वेळी कुणीतरी म्हणायला हवं, "हो, शिकाऊ आहे. मी उभी आहे ना इथे." हे म्हणणार कोण? ट्युटर चार वॉर्डांत मिळून एक. स्टाफ सिस्टर हॉस्पिटलची. पोस्टिंगचा करार झाला तो संस्थाचालक आणि रुग्णालयाचे प्रमुख यांच्यात, तिला त्यातलं काही ठाऊकही नसतं. शिकवण्याचा तिला ना वेळ दिलेला, ना मानधन, ना साधं पत्र. ती वैतागते, त्यात तिचं काय चुकलं?

माझ्या मते सगळं अडतं ते इथेच. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) नर्सिंगच्या शिक्षिका वॉर्डाचीही जबाबदारी सांभाळतात, म्हणजे शिकवणारी आणि पेशंटला उत्तर देणारी बाई एकच. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठाने 1990च्या दशकाच्या अखेरीस दुसरी वाट काढली: अख्खा वॉर्डच एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी द्यायचा, शिकवायचं तिथल्या स्टाफने, आणि ट्युटरने त्या स्टाफच्या पाठीशी राहायचं. 2003 मध्ये अमेरिकेत पोर्टलंड विद्यापीठाने ती पद्धत उचलली. आपल्याकडे निदान एवढं जमण्यासारखं आहे: एका शिफ्टला एका वॉर्डात एकच कॉलेज, दर आठवड्याला नवा वॉर्ड दाखवण्याऐवजी सलग पोस्टिंग, आणि शिकवणाऱ्या सिस्टरचं नाव ड्युटी लिस्टवर, तिचे पेशंट थोडे कमी करून.

आणि मुलीला कामं वाटून देऊ नका, पेशंट द्या. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) हिने, औषधं तिने, असं केलं की पेशंट कुणाचाच राहत नाही. एका इन्चार्ज सिस्टरनी दुपारी दोनच्या हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना, तिसऱ्या वर्षाच्या मुलीला पुढे केलं. "तुझ्या तीन पेशंटचं तू सांग." मुलगी म्हणाली, "सगळं नॉर्मल आहे, सिस्टर." "सात नंबरचं युरिन आउटपुट?" मुलगी खाटेशी जाऊन वाकली. सकाळी आठला रिकामी केलेली पिशवी, सहा तासांत जेमतेम दीडशे एमएल लघवी, म्हणजे कमीच. सिस्टर रागावल्या नाहीत, तिच्याच हातात फोन दिला, म्हणाल्या, "डॉक्टरांना कळव, आकडा सांग आणि ते काय सांगतात ते लिहून घे." दुसऱ्या दिवशी ती वॉर्डात आल्या आल्या आधी पिशवी बघत होती. ही सिस्टर कुठल्याही करारात नव्हती, ती मनाने करत होती. मनाने करणाऱ्या मिळणं हा नशिबाचा भाग झाला. तुमच्या मुलीचं शिक्षण नशिबावर का सोडायचं?

तेव्हा कॉलेज बघायला जाल त्या दिवशी हॉस्पिटलातही चक्कर मारा. तिथल्या स्टाफला विचारा, या कॉलेजच्या मुली किती दिवस असतात, ट्युटर सोबत येतात की हजेरी घेऊन जातात. शेवटच्या वर्षाची मुलगी भेटली तर विचारा, पेशंटला पहिलं सलाईन लावलंस तेव्हा शेजारी कोण होतं? कॉलेजात विचारा, नाइट पोस्टिंग आहे का. प्राचार्य "हो" म्हणाले, तर रात्री आठला जायला आणि सकाळी परत यायला कॉलेजची गाडी आहे का, तेही तिथल्या तिथे विचारून घ्या.