उडणे थांबले की

हवाई बेटांवर दिवसाचे काम आटोपून माणसे घराकडे वळतात, त्या वेळेला ‘पाउ हाना’ म्हणतात. ‘हाना’ म्हणजे काम आणि ‘पाउ’ म्हणजे संपले. ताटातले जेवण संपले तरी ‘पाउ’च. इतका घरगुती शब्द पुकुई आणि एल्बर्ट यांच्या १९५७ सालच्या हवाईयन शब्दकोशात मला थेट श्रद्धेच्या अर्थाने भेटला, तेव्हा मी पुन्हा एकदा नोंद वाचली. ‘लेले’ म्हणजे उडणे, उड्या मारणे (या आडनावाच्या स्नेह्यांनी मनावर घेऊ नये), आणि ‘पाउलेले’ म्हणजे उडणे थांबणे, अर्थात श्रद्धा, भरवसा. जीव भांड्यात पडतो असे म्हणणाऱ्या आपल्याला हे समजायला फार कष्ट पडू नयेत. विश्वासासाठी तिथे ‘हिलिनाʼइ’ असाही शब्द आहे. त्याचा दुसरा अर्थ टेकणे, रेलणे, आणि आपणही देवावर भार टाकतोच की!

श्रद्धेचा तिसरा शब्द ‘मनाʼओʼइʼओ’. यातल्या ‘मनाʼओ’चा अर्थ विचार असला, तरी आपल्या मनाशी त्याचे काही नाते नाही, ही भाषा ताहिती आणि माओरी यांची बहीण. ‘इʼओ’ म्हणजे मांस, आणि खरे, अस्सल हाही त्याचाच अर्थ. आशेला मात्र ‘मनाʼओलाना’, तरंगता विचार, म्हणतात. श्रद्धा अंगामांसाची आणि आशा पाण्यावर तरंगणारी, हा भेद होडीतून बेटे गाठणाऱ्यांनाच सुचावा.

या शब्दांतली ती खूण म्हणजे ‘ओकिना’, गळ्यात क्षणभर अडणारा श्वास. तेरा अक्षरांच्या वर्णमालेत ती व्यंजन म्हणून मोजली जाते. ती गाळली तर ‘पाʼउ’चे, म्हणजे काजळीचे, ‘पाउ’ होते. १८२० साली आलेल्या मिशनऱ्यांनी भाषेला लिपी दिली, पण ही खूण ते सहसा लिहीत नसत. त्यांच्या रविवारच्या उपासनेने मात्र कालगणनेत कायमचे घर केले: ‘पुले’ म्हणजे प्रार्थना, आणि आठवडाही.

१८९६च्या कायद्याने शाळांत इंग्रजी माध्यम सक्तीचे झाले आणि ही भाषा वर्गाबाहेर गेली. १९८४ साली कवाई बेटावर ‘पूनाना लेओ’ ही हवाईयन माध्यमाची बालवाडी सुरू झाली. ‘लेओ’ म्हणजे आवाज, आणि ‘पूनाना’ म्हणजे घरटे.