नागपूर खरोखर दीड तासावर आहे का?

“विमानाने दीड तासाचे तर अंतर, मग बाबांच्या शेवटच्या वेळी तू पोहोचली कशी नाहीस?” हा प्रश्न नागपूरच्या आप्तांनी विचारला, कोथरूडच्या शेजाऱ्यांनी विचारला आणि परवा एका लग्नाच्या पंगतीत पुन्हा विचारला गेला. तुम्ही विचारलेत म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

पुणे आणि नागपूर यांच्यातील हवाई अंतर सुमारे 600 किलोमीटर आहे. रस्त्याने ते सातशेच्या वर जाते आणि दौंड, मनमाड, भुसावळ असा वळसा घेणाऱ्या रेल्वेने जवळजवळ 890 होते. तिकिटावरचा दीड तास म्हणजे विमान लोहगावला जागेवरून हलल्यापासून नागपूरला उभे राहीपर्यंतचा वेळ. त्यात कोथरूड ते लोहगाव नाही, सुरक्षा तपासणीची रांग नाही आणि मुख्य म्हणजे पुढचे विमान सुटेपर्यंतचे थांबणे नाही. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे. नागरी विमानांच्या वेळा त्यांच्या उड्डाणांभोवती बसवाव्या लागतात, माणसाच्या आजारपणाभोवती नाही.

जानेवारीतील त्या रात्री एक वाजता दादाचा फोन आला. मेंदूत रक्तस्राव झाला होता, पण बाबा शुद्धीवर होते आणि माझे नाव घेत होते. गाडीने निघावे की सकाळी साडेसहाचे विमान घ्यावे, हा विचार मी शांतपणे केला. विमानाने नऊच्या आत रुग्णालयात पोहोचले असते, गाडीने दुपार झाली असती. साडेतीनला घर सोडले, पाचच्या आधी आत बसले. आमचे विमान दिल्लीहून यायचे होते आणि दिल्लीत दाट धुके होते. एकच विमान दिवसभरात अनेक शहरांच्या फेऱ्या करते, त्यामुळे पुण्यात आकाश निरभ्र असूनही आम्ही दिल्लीतील धुक्यात अडकलो होतो. साडेसहाचे साडेसात झाले, मग साडेआठ, मग फलकावर वेळच दिसेना. आठच्या सुमारास वहिनींनी फोन बाबांच्या कानाशी धरला आणि मी “निघालेच आहे” असे सांगितले. नऊ वाजून गेल्यावर दादाचा फोन आला. विमान त्यानंतर तासाभराने उडाले आणि हवेत जेमतेम तासभर होते.

पुण्यातील नोकरी स्वीकारली तेव्हा मीच बाबांना म्हणाले होते की अडीअडचणीला विमान आहे, काळजी करू नका. त्या वेळच्या मला आज विचारावेसे वाटते की रात्री एक वाजता कोणते विमान सुटते? पण तिचे उत्तरही मला ठाऊक आहे: तिच्या कामाच्या जागा पुण्यात होत्या, नागपुरात नव्हत्या, आणि बाबांनीच तिला त्यासाठी शिकवले होते.

दादा आजही म्हणतो की मी रात्रीच गाडी काढायला हवी होती. मी हिशेब मांडून दाखवते की नऊ वाजता मी समृद्धीवर फार तर कारंज्याच्या आसपास असते. त्याला हिशेब मान्य आहे, म्हणणे मागे घेणे मान्य नाही; आणि मलाही ते पूर्णपणे खोडता येत नाही, कारण गाडीत असते तर बाबांना “निघाले आहे” असे सांगताना मी निदान खरोखरच निघालेली असते.